गिअर अडकला की लगेच टीसीएम बदलायला धावू नका

"साब, इसका कॉम्प्युटर गया." बॉनेट उघडलं नाही, गाडीत बसून बघितलं नाही, नुसता डॅशबोर्डवरचा ओ/डी ऑफचा (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद असल्याचा) दिवा लुकलुकताना बघून हे निदान मला गॅरेजवाल्याकडून मिळालेलं. कॉम्प्युटर म्हणजे टीसीएम, कुठला गिअर कधी पडायचा ते ठरवणारा डबा. गाडी माझी २० वर्षांची जपानी सेदान, साधी चार स्पीडची ऑटोमॅटिक. जुलैमध्ये मुंबईत हिंदमाताला पोटरीभर पाण्यातून काढावी लागली, तेव्हा काहीच झालं नाही, मी खूश. आठ दिवसांनी ईस्टर्न एक्सप्रेसवर विक्रोळीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये थांबलो आणि परत निघायला गेलो तर गाडी उचलेचना, एकदम जड, मागे दोन माणसं धरून ठेवल्यासारखी. तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली होती. गॅरेजवाल्याने नव्या कॉम्प्युटरचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडी विकायलाच काढणार होतो. शेवटी निघालं काय, तर डाव्या बाजूच्या कार्पेटखाली अर्थिंगचा एक बोल्ट, हिरवागार झालेला. सँडपेपर मारला, घट्ट केला, गाडी चालू.

आता गंमत बघा, त्याच गाडीचा टीसीएम पुढे दोन वर्षांनी खरंच गेला आणि तो मी घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलला. त्यामुळे खोटा आळ आणि खरा गुन्हा दोन्ही बघून झालेत, आणि पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांना काय करायचं ते क्रमाने सांगतो. मल्टिमीटर धरता येत असेल तर बरंच, नसेल तर अर्ध्या तासात येतो.

टीसीएम म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. इनपुट आणि आउटपुट शाफ्ट किती फिरतायत ते सांगणारे दोन स्पीड सेन्सर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती आहे, लिव्हर पी-आर-एन-डी पैकी कुठे आहे ते सांगणारा इनहिबिटर स्विच, ब्रेकचा स्विच, गिअर ऑइलचं तापमान, एवढ्या सगळ्यांचं ऐकून तो गिअरबॉक्समधल्या सॉलेनॉइडना, म्हणजे ऑइलचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या कॉइलना, करंट देतो आणि मग ऑइलच्या प्रेशरने गिअर पडतो. यातलं काही बिनसलंय असं त्याला वाटलं की तो हात वर करतो, सॉलेनॉइडचा करंट बंद करतो, आणि करंट नसताना आतल्या व्हॉल्व्हच्या रचनेने जो गिअर आपोआप लागतो तोच उरतो. मित्सुबिशी-ह्युंदाईच्या चार स्पीडमध्ये तो तिसरा, मर्सिडीजच्या जुन्या ७२२.६ गिअरबॉक्समध्ये दुसरा. याला लिम्प मोड म्हणतात, आणि लक्षात घ्या, लिम्प मोडला जाणं हा टीसीएम खराब असल्याचा पुरावा नाही, उलट बहुतेक वेळा तो नीट काम करतोय म्हणूनच गाडी तशी झालेली असते. लोक इथेच फसतात.

तो असतो कुठे? गाडीगणिक वेगळा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या सीटच्या पायाशी, ग्लोव्हबॉक्सच्या मागे किंवा किक पॅनलच्या आत पुस्तकाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. काहींत सीटखाली, काहींत बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूला. काहींत तो वेगळा नसतोच, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच, म्हणजे ईसीएममध्येच, बसवलेला असतो. आणि डीएसजीसारख्या दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये तो मेकॅट्रॉनिकचा (व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर एकत्र असलेल्या युनिटचा) भाग म्हणून थेट गिअरबॉक्सवर बसलेला असतो, त्याला घरी हात लावू नका, ते काम माहीतगाराचं. एएमटीवालेही (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन टाकतं), म्हणजे २०१४ च्या सेलेरिओपासून पुढचे, थोडे वेगळे, तिथे क्लच आणि अ‍ॅक्च्युएटरची भानगड असते आणि काहीही बदललं की स्कॅनरने क्लच शिकवावा लागतो. मी इथे बोलतोय ते जुन्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलने जोडणाऱ्या, ऑटोमॅटिकबद्दल.

आधी गाडीवर लक्ष ठेवा, हत्यारं नंतर

दोन दिवस कागद-पेन गाडीत ठेवा आणि त्रास कधी होतो ते लिहा. हे कंटाळवाणं वाटतं पण अर्धं निदान यातच होतं. थंड गाडी बरोबर चालते आणि अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापली की अडकते, तर टीसीएमच्या आतलं एखादं सोल्डर तडकलेलं असेल किंवा सॉलेनॉइडची कॉइल तापून तुटत असेल. फक्त पावसात होतं तर पाणी कुठून येतंय ते शोधा. बंद करून परत चालू केली की दहा मिनिटं बरी चालते, मग परत तेच, तर हे इलेक्ट्रिकचं दुखणं आहे. पण इंजिन नुसतं ओरडतंय, काटा चार हजारावर आणि गाडी पुढे सरकत नाही, आणि हे सगळ्याच गिअरमध्ये होतंय, तर टीसीएमचा विचार सोडा, ते ऑइल नाहीतर आतल्या क्लच प्लेटा.

एक जुनी टेस्ट आहे जी मला फार आवडते. टोयोटाच्या जुन्या चार स्पीडच्या मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते: गिअरबॉक्सकडे जाणारा सॉलेनॉइडचा कपलर (वायरींचा जोड) काढायचा आणि मोकळ्या रस्त्यावर लिव्हर एल, मग २, मग डी मध्ये टाकून बघायचं. तीन ठिकाणी तीन वेगवेगळे गिअर लागले तर गिअरबॉक्सची हाडं शाबूत आहेत, दुखणं वायरिंगमध्ये, सॉलेनॉइडमध्ये नाहीतर टीसीएममध्ये. नाही लागले तर कॉम्प्युटर बदलून काही होणार नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ही टेस्ट आहे का ते आधी बघा, सगळ्या गिअरबॉक्सना चालत नाही, आणि टेस्ट झाली की कपलर परत लावून टीसीएमने नोंदवलेले फॉल्टचे कोड स्कॅनरने पुसायचे.

बॅटरी, अर्थिंग, ऑइल

इथून सुरुवात करा कारण हे फुकट आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना दहाच्या बरंच खाली जात असेल तर आधी बॅटरी बदला, कारण व्होल्टेज पडलं की टीसीएम वेड्यासारखा वागतो आणि खोटेनाटे कोड टाकतो. टर्मिनलवर पांढरा चुरा जमला असेल तर गरम पाणी ओतून ब्रशने साफ करा.

अर्थिंगची टेस्ट नुसत्या ओमवर करू नका. ओमवर सगळं बरोबर दिसतं, करंट वाहायला लागला की पितळ उघडं पडतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब टीसीएमच्या अर्थच्या पिनवर, कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने टाचणी घालून. इग्निशन चालू. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग चांगलं. माझ्या गाडीत त्या हिरव्या बोल्टच्या कृपेने १.८ दिसत होते, म्हणजे बिचारा टीसीएम अर्धवट अर्थवर काम करत होता आणि शिव्या मात्र तो खात होता. आणि टाचणीच वापरा, मीटरचा जाड प्रोब कपलरच्या पुढून खुपसला तर आतली पिन सैल होते आणि तुम्ही स्वतःच एक नवीन फॉल्ट तयार करता, मी केलाय.

ऑइल. डिपस्टिक काढा, पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. लाल, स्वच्छ, तर ठीक. काळपट आणि करपल्याचा वास, तर क्लच जळतायत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी, तर आत पाणी गेलंय, एकतर पुराचं पाणी ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा सोडणाऱ्या नळीतून) किंवा रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट. अशा वेळी गाडी चालवायचीच नाही. लेव्हल बघायची पद्धतही वेगळी असते, काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून पी मध्ये, काहींत एन मध्ये, होंडाच्या जुन्या गाड्यांत इंजिन गरम करून, बंद करून, लगेच मिनिटभरात. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, होंडाला होंडाचं, टोयोटाला टी-४, ह्युंदाईच्या जुन्यांना एसपी-३. दुकानदार "सब एकही है" म्हणेल, तो म्हणणारच.

कोड वाचणं

ओबीडी-२, म्हणजे ठरावीक सॉकेटमधून गाडीचे कोड वाचायची पद्धत, भारतात सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत १६ पिनचा सॉकेट दिसला तरी तो सगळं बोलेल असं नाही. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल इंजिनचे कोड दाखवतो, टीसीएमशी बऱ्याचदा त्याचं जमतच नाही. म्हणून एकदाच चांगल्या स्कॅनरवाल्याकडे जा, आणि त्याला सांगा की कोड पुसू नका, आधी सगळे फोटो काढून द्या. पुसले की पुरावा गेला.

पी०७०० दिसला की घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की टीसीएमने इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगितलंय, माझ्याकडे काहीतरी आहे, येऊन बघा. खरा कोड टीसीएमच्या पोटात असतो. पी०७०५ म्हणजे इनहिबिटर स्विच, पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सर, पी०७२० आउटपुट स्पीड सेन्सर, पी०७५० ते पी०७७० च्या घरातले सॉलेनॉइडचे, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. टीसीएमवर थेट बोट ठेवणारे कोड थोडेच: पी०६१३ त्याच्या प्रोसेसरचा, पी०६०१, पी०६०४ आणि पी०६०५ मेमरीचे. आणि यू०१०१ म्हणजे टीसीएम फोनच उचलत नाहीये, पण फोन उचलत नाही याचा अर्थ माणूस गेला असा नाही, चार्जिंग संपलं असेल, म्हणजे फ्यूज, सप्लाय, अर्थिंग आधी बघा. गाडी कॅनवाली असेल, म्हणजे तिचे सगळे कॉम्प्युटर दोन वायरींवर एकमेकांशी बोलत असतील, तर बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओम मोजा, ६० च्या आसपास यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर कुठेतरी एक टोक तुटलंय.

त्याहून जुन्या गाड्यांत स्कॅनर लागतच नाही. टोयोटात बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत टीई१ आणि ई१ वायरने जोडले की ओ/डी ऑफचा दिवा लुकलुकून कोड सांगतो, होंडात सर्व्हिस कपलर जोडला की डी४ चा दिवा. लुकलुक मोजत बसायची, मजा येते, पोरांना मोजायला बसवा.

पाणी आणि उंदीर, मुंबईचे दोन खरे मेकॅनिक

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवायला सांगेन. डाव्या बाजूचं कार्पेट वरून कोरडं लागतं म्हणून सोडू नका, हात खाली घाला, कार्पेटखालचा फोम पिळा. माझ्या गाडीत वरून कोरडं ठणठणीत आणि खालचा फोम पिळला तर भांडी घासायच्या स्पंजसारखं पाणी निघालं, आठ दिवसांपूर्वीचं, वास असा की दोन दिवस दारं उघडी टाकावी लागली. पाणी फक्त पुराचंच नसतं. एसीचा ड्रेन पाइप चोंदला की एसीचं पाणी बाहेर रस्त्यावर न पडता आत पायाशी येतं, तेही भर मे महिन्यात. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची पानं साचली की पावसाचं पाणी तिथून आत उतरतं. सनरूफ असेल तर त्याचे ड्रेन. पाणी कुठून येतंय ते बंद केल्याशिवाय नवीन टीसीएम बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवा टीव्ही लावणं.

तुमची गाडी २००५ च्या आधीची असेल तर अजून एक प्रश्न विचारा, २६ जुलैला ती कुठे उभी होती. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक केली तरी कपलरच्या आतला गंज पुढे कित्येक वर्षं हळूहळू खात राहतो. सीटच्या रुळांच्या बोल्टवर आणि डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गाळाची रेघ दिसते का बघा, ती कुणी पुसत नाही.

उंदरांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात त्यांना गरम कोरडी जागा हवी असते, ती म्हणजे तुमचं बॉनेट. गिअरबॉक्सवरून जाणारी वायरिंगची लूम बोटाने चाचपत जा, टेप सुटलीय, तांब्याची चमक दिसतेय, काळ्या लेंड्या पडल्यात, झालं. एका मित्राच्या गाडीत स्पीड सेन्सरची एकच वायर अर्धी कुरतडलेली होती, खड्ड्यातून गेली की टेकायची नाही आणि गाडी लिम्पला जायची.

कपलर एकेक करून काढा, आत हिरवं-पांढरं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. गंज सोडवायचा निळा-पिवळा स्प्रे इथे मारू नका, तो तेलकट थर ठेवतो. आणि इंजिन चालू ठेवून कुणाला तरी लूम हलवायला सांगा, हलवताक्षणी दिवा लागला किंवा गेला तर जागा सापडली. कपलरच्या आत लाल ऑइल दिसलं तरीही नोंद घ्या. मर्सिडीजच्या त्या ७२२.६ मध्ये गिअरबॉक्सवरच्या कपलरच्या रबरी रिंगा म्हाताऱ्या झाल्या की ऑइल वायरच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, चढत चढत वर टीसीएमपर्यंत पोचतं. लोक टीसीएम बदलतात आणि तो कपलर तसाच ठेवतात.

टीसीएमच्या कपलरवर मोजमाप

आता बॅटरीचं निगेटिव्ह काढा, दहाचा पाना लागतो, आणि रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात नाही. टीसीएमचा कपलर काढा, वायरिंग डायग्राम शोधून ठेवलेली हवी, अंदाजाने पिन मोजू नका.

कपलरच्या वायरिंगच्या बाजूने प्रत्येक सॉलेनॉइडचा ओम मोजा. बऱ्याच जपानी गाड्यांत ऑन-ऑफ सॉलेनॉइड ११ ते १५ ओम, प्रेशरचा लिनिअर सॉलेनॉइड ५ च्या आसपास, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. मीटरवर ओएल (म्हणजे मोजण्यापलीकडे) आला तर वायर किंवा कॉइल तुटलीय, मग गिअरबॉक्सवरच्या कपलरवर तेच परत मोजा, तिथे बरोबर आलं तर दोष मधल्या वायरचा. दीड-दोन ओम आले तर कॉइल शॉर्ट आहे आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण १३ ओमच्या कॉइलला १२ व्होल्टवर एक अँपिअरही लागत नाही, दोन ओमची झाली की सहा अँपिअर ओढते, आणि टीसीएमच्या आतला तिचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळतो. मग तुम्ही नवीन टीसीएम लावता, चावी फिरवता, आणि नवीनही जळतो. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय, एकाच दुपारी दोन टीसीएम. खराब सॉलेनॉइड आधी बदला.

स्पीड सेन्सर दोन वायरचा असेल तर त्यात कॉइल असते, काही शे ओम दाखवते, आणि चाक फिरवलं की मीटर एसी व्होल्टवर थोडं हलतं. त्यासाठी गाडी उचलणार असाल तर घोडी लावा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. तीन वायरचा असेल तर तो हॉलचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला), त्याला ओमवर तपासू नका.

मग निगेटिव्ह परत लावून तीन गोष्टी: इग्निशन चालू केल्यावर टीसीएमच्या सप्लायच्या पिनवर बॅटरीएवढे व्होल्ट येतात का, आणि नुसत्या मीटरवर विश्वास न ठेवता टेस्ट लॅम्प लावून तो झगझगीत पेटतो का. अर्थ बरोबर आहे का. इनहिबिटर स्विचचा सिग्नल लिव्हर हलवल्यावर बदलतो का. सप्लाय आहे, अर्थ आहे, सेन्सर बोलतायत, सॉलेनॉइड बरोबर, वायरी शाबूत, आणि तरीही टीसीएम सॉलेनॉइडला करंट देत नाही किंवा स्कॅनरला उत्तर देत नाही, आता त्याच्यावर आळ घ्यायला हरकत नाही.

माझा दुसऱ्या वेळी असाच सापडला. गाडी तापली की अडकायची, बाकी सगळं मोजून झालेलं, मग बायकोचा हेअर ड्रायर घेऊन लांबून डब्याला गरम वारा दिला, पाच मिनिटांत ओ/डीचा दिवा लुकलुकायला लागला, थंड केला, गाडी बंद-चालू केली, दिवा गेला, परत गरम, परत आला. डबा उघडला तर आतून सुक्या बोंबलासारखा वास, कपॅसिटर गळला की असाच येतो, आणि खाली बोर्डावर तपकिरी डाग, दोन तांब्याच्या रेघा खाल्लेल्या. नुसता कपॅसिटर गळलेला असेल तर चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला तो बदलून देतो आणि तो मार्ग आधी बघाच, माझ्याकडे बोर्डच खाल्ला गेलेला. आत जेली भरलेली असेल तर मात्र उघडून काही उपयोग नाही.

नवीन डबा कुठून आणायचा

डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळला पाहिजे. मॉडेल तेच, वर्ष तेच, पण इंजिन वेगळं किंवा शेवटचं अक्षर वेगळं, तर आतला प्रोग्राम वेगळा असू शकतो आणि गिअर भलत्याच वेळी पडतील. नवीन मिळालाच तर उत्तम, पण जुन्या गाडीचा बहुतेक वेळा मिळत नाही. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड, जुन्या गाड्यांच्या पार्टचा बाजार. दुपारी चारनंतर जाऊ नका, ट्रॅफिकमध्येच जीव जातो. सांगताना डबा कपलरसकट आणि वीतभर वायरसकट कापून द्या असं सांगा, तुमचा कपलर जळलेला निघाला तर उपयोगी पडतो. तिथेच स्क्रूच्या डोक्यावर गंज आणि पिनांवर हिरवं बघा, हलवून आत काही खुळखुळतंय का बघा. "चेक करून परत" हे पैसे देण्याआधी ठरवा आणि बिलावर लिहून घ्या, तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

मग प्रोग्रामिंग. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत काढा-लावा एवढंच काम असतं. नंतरच्या काही गाड्यांत डब्याला गाडीचा नंबर आणि कोडिंग हवं असतं, आणि जिथे इंजिन आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकच आहे तिथे इमोबिलायझरही (चावी ओळखणारं कुलूप) त्यातच, म्हणजे दुसऱ्या गाडीचा डबा लावला तर इंजिन चालूच होणार नाही. अशा वेळी ईसीएम रिपेअर करणारे लोक जुन्या बोर्डावरच्या मेमरी चिपमधला डेटा नवीन डब्यात उतरवून देतात. म्हणून जुना डबा मेलेला असला तरी विकत घेणाऱ्याला बदल्यात देऊन टाकू नका.

बसवणं

खरं सांगू, हा भाग सगळ्यात सोपा आहे, माझ्याकडे ४० मिनिटं लागली आणि त्यातली २० ग्लोव्हबॉक्सची क्लिप न मोडता काढण्यात. निगेटिव्ह काढलेलं. कपाळाला घाम असेल तर पुसा, तो बोर्डावर पडतो. डब्याला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा. कपलरचा लॉक दाबून कपलर ओढा, वायर धरून ओढू नका. जुना आणि नवीन डबा शेजारी ठेवून पिनांची संख्या आणि रचना जुळवा, एकही वाकडी पिन नको. कपलर सरळ, टक्क आवाज येईपर्यंत. डबा त्याच्या ब्रॅकेटवर नीट स्क्रूने कसा, काहींत अर्थिंग त्या ब्रॅकेटमधूनच जातं, म्हणून लोंबकळत ठेवून "आधी बघू चालतो का" करू नका. ब्रॅकेटचा रंग-गंज खरवडून घ्या. निगेटिव्ह लावा, चावी नुसती ऑनवर, दहा सेकंद, कुठलाही जळका वास नाही ना ते बघा, मग स्कॅनरने जुने कोड पुसून इंजिन चालू करा.

ब्रेक दाबून पी-आर-एन-डी प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत फिरवा. पहिले एक-दोन दिवस गिअर थोडे धक्क्याने पडतील, कारण आधीच्या टीसीएमने तुमच्या क्लचची झीज शिकून घेतलेली असते आणि नव्याला किंवा दुसऱ्या गाडीतून आलेल्याला ती माहीत नसते. स्कॅनरमध्ये अ‍ॅडाप्टेशन रीसेट असेल तर करा. मी रविवारी सकाळी सहाला बीकेसीत नेऊन हलक्या पायाने शेवटच्या गिअरपर्यंत न्यायची आणि अलगद थांबवायची असं वीसेक वेळा केलं, शेवटी शेवटी धक्का जवळजवळ गेला. आठवड्याभरानंतर परत कोड वाचा, आणि कार्पेटखाली परत हात घाला.

वाटेत कधी परत अडकलीच तर टोचनवाल्याला फ्लॅटबेडच मागा. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढली तर इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्सच्या आत ऑइल फिरत नाही आणि जो गिअरबॉक्स आत्तापर्यंत चांगला होता तोही जातो.

माझा जुना डबा अजून घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीला नेमका तोच कपलर हवा होता, त्यांना कापून दिला, आता नुसता बोर्ड उरलाय, बोंबलाचा वास मात्र अजून येतो.